सहीच्या तीन प्रती

ऑफिसातले चाळीस कॉम्प्युटर मी सांभाळते. बॅकअपची एक डिस्क इमारतीबाहेर ठेवू या, असं मी दोन वर्षांपूर्वी मीटिंगमध्ये सांगितलं. साहेबांनी मी लिहून दिलेले तीन पर्याय वाचले, सगळ्यांत स्वस्त, म्हणजे डिस्क ऑफिसातच ठेवण्याच्या पर्यायावर खूण केली आणि म्हणाले, "बाईंना उठता-बसता प्रलय दिसतो." सगळे हसले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण डिस्क सर्व्हरशेजारच्याच कपाटात राहील, असं लिहिलेल्या कागदावर मी त्यांची सही घेतली.

गेल्या सोमवारी वरच्या मजल्यावरची पाण्याची टाकी फुटली. सर्व्हर गेला, कपाटातली डिस्कही गेली.

साहेबांनी मला मालकांसमोर उभं केलं. "बॅकअप यांच्याकडे होता," ते म्हणाले. "विचारा यांना, काय उरलंय."

"एक कागद उरलाय," मी शांतपणे म्हणाले. "त्याची एक प्रत माझ्या घरी असते, एक बहिणीकडे आणि एक ही, पर्समध्ये. महत्त्वाची वस्तू एकाच जागी ठेवू नये, साहेब. मी तेव्हाही हेच सांगत होते."

आणि त्यांची सही वर येईल असा तो कागद मी मालकांपुढे सरकवला.