ब्रशवरची तारीख

तिने ब्रश खिडकीशी नेला आणि अंगठ्याने त्याचे केस मागे करून पाहिले. केस कसले, झिजलेल्या केरसुणीचा बुडखा. दांड्यावर तिच्याच अक्षरात तारीख होती. बरोबर तीन आठवड्यांपूर्वीची.

दातांच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंच्या हाताखाली तिची अकरा वर्षं गेली होती. ब्रश तीन महिन्यांनी बदलायचा, केस वाकले तर त्याआधीच, हे ती झोपेतही सांगू शकली असती. बाबांचा ब्रश तीच दवाखान्यातून आणायची आणि दांड्यावर न पुसणाऱ्या शाईने तारीख घालायची. मागचा ब्रशही असाच पिंजारला होता, पण त्याचे तीन महिने भरले होते, म्हणून तिने मनावर घेतलं नव्हतं. हा मात्र तीनच आठवड्यांचा होता.

मोठ्या काकांचं असंच सुरू झालं होतं. बाबांचे हे थोरले भाऊ सकाळी दात घासून बाहेर यायचे, विसरायचे आणि पुन्हा आत जायचे. एकेका सकाळी पाच-पाच वेळा. आधी सगळ्यांनी चेष्टा केली. वर्षभरात काकांना स्वतःचं दारही ओळखू येईना.

दुधाने तोंड पोळलेलं घर ते. तिच्या दादाने दूरच्या गावाहून फोनवर निकालही देऊन टाकला होता. आई गेल्यापासून बाबा एकटे राहतात, हल्ली विचारावं एक तर सांगतात भलतंच, तेव्हा घराला कुलूप लावावं आणि त्यांना वृद्धाश्रमात न्यावं. जागाही त्याने राखून ठेवली होती. हो की नाही, ते आज संध्याकाळपर्यंत तिने कळवायचं होतं, कारण दर रविवारी बाबांना डोळ्यांनी पाहणारी तीच होती.

बाबा स्वयंपाकघरात चहा गाळत होते. ती ब्रश हातात घेऊनच तिथे गेली.

“बाबा, आज दात घासलेत?”

“घासले की.”

“किती वेळा?”

गाळणं हातातच राहिलं. बाबांनी ब्रशकडे पाहिलं, मग कपाकडे.

“एकदाच. का गं?”

बाबांना जन्मात कधी खोटं बोलता किंवा काही लपवता आलं नव्हतं. तसं करायला गेले की कान लाल व्हायचे, आणि आत्ता ते लाल झाले होते. तिने वार विचारला, तारीख विचारली. बाबांनी दोन्ही बरोबर सांगितलं आणि वर पेपर फार सोपा काढलास म्हणाले. तिला हसू आलं नाही. काकाही सुरुवातीला असेच विनोद करून वेळ मारून नेत.

जड मनाने ती ब्रश कचऱ्याच्या डब्यात टाकायला वाकली, आणि तिला वास आला. टूथपेस्टचा नव्हता. तिने ब्रश नाकाशी धरला. मशीनचं तेल. केसांच्या बुडाशी निळ्या दोऱ्याची तुसंही अडकली होती.

हा वास तिच्या ओळखीचा होता. बाबांनी चाळीस वर्षं शिलाई मशिनं दुरुस्त केली होती, आणि लहानपणी त्यांच्या शर्टाला हाच वास यायचा. चार महिन्यांपूर्वी त्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, तेव्हा डॉक्टरांनी बारीक काम महिनाभर बंद सांगितलं. महिन्याचं कायमचं तिने केलं. शिवाय घर आवरताना हत्यारांच्या पेटीतले सतरा-अठरा जुने ब्रश घाण म्हणून फेकून दिले.

ती तडक मागच्या खोलीत गेली. कोपऱ्यात चादरीखाली काहीतरी झाकलेलं होतं. चादर ओढली, तर शेजारच्या शिंपीणबाईंचं मशीन, पोट उघडं टाकून बसलेलं.

बाबा दोन कप घेऊन दारात उभे होते.

“माझे ब्रश तू टाकलेस,” ते म्हणाले. “आणि तुझ्या दवाखान्यातल्या ब्रशचं डोकं लहान. मशीनमध्ये कापड पुढे सरकवणारे दाते असतात ना, त्यांच्याखाली बरोबर शिरतं.”

“मला सांगायचं तरी.”

“सांगितलं असतं तर मशीनही टाकलं असतंस.”

 तिने सगळ्यात भीतीचा प्रश्न विचारला.

“मग तुम्ही दात कशाने घासता?”

बाबांनी कप ठेवले, दाढीच्या सामानामागून दुसरा ब्रश काढला आणि तिच्या हातात दिला. साधा, दुकानातला. केस ताठ होते. दांड्यावर बाबांच्या टपोऱ्या अक्षरात तारीख होती.

“येत्या मंगळवारी तीन महिने भरतात. त्याच दिवशी बदलणार. तुझीच शिकवण.”

तिने बोटांवर मोजून पाहिलं. मंगळवारच येत होता. ती मशीनपुढच्या स्टुलावर बसली आणि हसायला लागली, आणि हसता हसता डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. छातीवरचा धोंडा उतरला होता. बाबा चाटच पडले. त्यांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि चहा निवतोय एवढंच म्हणाले.

चहा झाल्यावर तिने पर्समधून नवा ब्रश काढला. सवयीने तारखेचा पहिला आकडा घातला, मग तो खोडून पुढे ‘मशीन’ असं लिहिलं. बाबांनी ब्रश घेतला, अक्षर वाचलं आणि कामाला बसले. तिने तिथेच उभं राहून फोन लावला.

“दादा, ती जागा सोडून दे. कुलूप-बिलूप काही नको. बाबांना दोन ब्रश लागतात, बाकी ठणठणीत आहेत.”

पलीकडून दादा काय ते नीट सांग म्हणत होता. मशीनच्या पोटात ब्रश फिरवता फिरवता, मान वर न करता बाबा म्हणाले,

“त्याला हेही सांग, गेल्या महिन्यात माझा वाढदिवस होऊन गेला, त्याला आठवला नाही.”