शुक्रवारी तीननंतर

लॉन्सेस्टनला आमच्या कारखान्यात पत्र्याच्या बादल्या व्हायच्या. पुढे प्लॅस्टिकच्या बादल्या निघाल्या आणि आमचा माल गोदामात छतापर्यंत चढला. तेव्हा मेलबर्नहून नवे मॅनेजर प्रीवेटसाहेब आले. नाताळच्या आत खपणारी नवी वस्तू सापडली नाही तर कारखान्याला कुलूप, असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं आणि दाराशी एक हिरवी पेटी टांगली. ‘आपल्या कल्पना येथे टाका.’

आठवड्याने पेटीतून अर्धं खाल्लेलं बिस्कीट निघालं, आणि माझी मैत्रीण डल्सीची चिठ्ठी: ‘संडासातला कागद मऊ आणा.’

“एवढी माणसं, आणि कुणाच्याच डोक्यात काही नाही?” साहेब कपाळाला हात लावून बसले.

डोक्यात पुष्कळ होतं, पण ते ‘परदेशी’त जायचं. कारखान्याच्या पत्र्यातून, कारखान्याच्या वेळात घरासाठी चोरून केलेली वस्तू, तिला आम्ही परदेशी म्हणायचो. पत्र्याचे सांधे डाग देऊन जोडणाऱ्या म्हाताऱ्या क्लेमने मासे धुरावर शिजवायची पेटी केली होती. माझा होता कोंबड्यांच्या दाण्याचा डबा. कोंबडी पट्टीवर चढली की झाकण उघडायचं. चिमण्यांच्या वजनाने काही ते हलत नसे.

तो डबा कोटाखाली दडवून मी निघाले, तर फाटकातच साहेब.

“नोरीन, सकाळी तर चांगली बारीक होतीस!”

“तिसरं आहे साहेब,” डल्सी मागून म्हणाली. “जाऊ द्या तिला लवकर.”

तेवढ्यात झाकण खणकन वाजलं. नोकरी गेली, आता घरी काय सांगू? साहेबांनी डबा घेतला, पट्टी दाबली, पुन्हा दाबली. मग मागे उभ्या असलेल्या सगळ्यांना विचारलं, “आणखी कोण करतं असलं?”

“छे हो,” क्लेम म्हणाला. “कुणीच नाही.”

दुसऱ्या दिवशी फळ्यावर सूचना लागली: दर शुक्रवारी तीननंतर ज्याने त्याने मनाजोगती वस्तू करावी, पत्रा फुकट.

शुक्रवारी तीन वाजले. आम्ही चहा प्यायलो. डल्सीने विणकाम काढलं.

“अरे, करा की काहीतरी!” साहेब रडकुंडीला आले.

“परवानगी दिलीत म्हणजे ते काम झालं, साहेब,” क्लेम म्हणाला. “कामात मला काही सुचत नाही.”

सोमवारी नवी सूचना लागली: ‘घरगुती वस्तू करण्यास सक्त मनाई. सापडल्यास जप्त. शुक्रवारी तीननंतर मी दार लावून खोलीत असेन. बाहेर येण्यापूर्वी जोरात खोकेन.’

त्या शुक्रवारी असा ठोकाठोकीचा आवाज उठला, की रस्त्यापलीकडचा खाटीक बघायला आला! मग दर शुक्रवारी पाचला साहेब खोकत बाहेर यायचे आणि मुकाट्याने वस्तू जप्त करत फिरायचे.

“सांभाळून जप्त करा,” क्लेम बजावायचा. “मुठीचा रंग अजून ओला आहे.”

त्या जप्तीच्या ढिगाबरोबर फाटकात पकडलेला माझा डबाही मेलबर्नला गेला. नाताळच्या आधी त्याला एवढी मागणी आली, की बादल्यांचा साचा काढून ठेवावा लागला. सगळ्यांच्या नोकऱ्या राहिल्या.

ती हिरवी पेटी मात्र नाहीशी झाली. आम्ही क्लेमवर आळ घेतला. तो शपथा घेऊन थकला.

साहेब निवृत्त झाले, तेव्हा आम्ही सगळे नदीवर मासे धरायला गेलो. त्यांनी गळ ठेवायचा डबा उघडला. आत सुबक कप्पे, कोपऱ्यांना नीट डाग दिलेला, आणि हिरव्या झाकणावर पुसट अक्षरं: ‘आपल्या कल्पना’.

दार लावून साहेब काय करत होते ते आत्ता कळलं.

क्लेम जोरात खोकला. “जप्त करू का, साहेब?”