ताईचं घेणं

"हा सोफा विकायला काढलाय का?" खिडकीतल्या बाईंनी विचारलं.

"नाही हो. घरातलाच आहे."

"मग ही किंमत?"

मास्तरांनी काचेखालच्या फटीशी वाकून आपलाच कागद वाचला. सोफा, तीन माणसांचा, लाकडी सांगाडा, आतून काथ्या आणि स्प्रिंगा. पुढे चाळीस हजार.

"तशी कमीच लावलीय," ते म्हणाले. "दुसरा कोणी पन्नासच्या खाली करून देणार नाही. नुसता फोमचा नाही तो."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "काका, हा नादारीचा अर्ज आहे. आपल्याकडे काही उरलं नाही, असं तुम्ही कोर्टाला सांगताय. आणि ही यादी वाचून मलाच तुमच्याकडून उसने मागावेसे वाटताहेत."

मागे रांगेत कोणीतरी हसलं. मास्तरांचे कान तापले. ते मागे वळून बघणार होते, पण हसणारा ओळखीचा निघाला तर काय घ्या, म्हणून समोरच बघत राहिले.

ही खिडकी वकील न लावता आपला अर्ज आपणच लिहिणाऱ्यांसाठी होती. मास्तर आधी एका वकिलाकडे जाऊन आले होते. त्याने फी सांगितली तेव्हा त्यांच्या मनात आलं, एवढे हातात असते तर दिवाळं निघालं कशाला असतं? मग ते इथे आले. काचेवर पाटी होती, येथे कायदेशीर सल्ला दिला जात नाही. बाई आधी त्या पाटीकडे बोट दाखवत आणि मग बोलत.

"सल्ला मी देऊ शकत नाही," आत्ताही त्यांनी बोट दाखवलं. "पण रकान्यावर काय छापलंय ते वाचून दाखवते. 'आहे त्या स्थितीत आज बाजारात येईल ती किंमत.' करायला किती लागले ते नाही. विकायला गेलात तर काय हातात पडेल ते. सगळी यादी पुन्हा करून आणा."

मास्तरांनी कागद गोळा करून पिशवीत घातले. पिशवी मखमलीची होती, लालभडक.

त्या मखमलीनेच घात केला होता. मास्तर म्हणजे काही शाळेतले मास्तर नव्हेत. सोफे, खुर्च्या, गाड्यांच्या सीटा शिवून देणारा माणूस. पण हातात कात्री आणि गळ्यात टेप असली की लोक मास्तर म्हणतात, तसं त्यांना म्हणत. साधं, रोजचं काम होतं तोवर बरं चाललं होतं. मग एका थिएटरच्या मालकाने सगळ्या खुर्च्या नव्याने शिवायला दिल्या. एवढं मोठं काम आयुष्यात आलं नव्हतं. मास्तरांनी कर्ज काढून फोम घेतला, ताग्यावर तागे मखमल घेतली, आणि निम्म्या खुर्च्या झाल्या तोवर थिएटरला कुलूप लागलं. मालक कुठे गेला ते कोणालाच ठाऊक नव्हतं. मखमल तेवढी राहिली. आता घरातले पडदे लाल होते, उशा लाल होत्या, पाय पुसायचं सुद्धा मखमलीचं होतं. "राजवाड्यात राहतो आपण," बायको म्हणायची. पहिल्यांदा म्हणाली तेव्हा दोघंही हसले होते.

नवी यादी तिनेच करायला घेतली. ती खोलीभर फिरत एकेक वस्तू पुकारत होती आणि मास्तर लिहीत होते.

"कपाट."

"दोन हजार."

"दार लागत नाही त्याचं."

"बरं, हजार."

"आरसाही तडकलाय."

"अगं, तू कोणाच्या बाजूने आहेस?"

"कोर्टाच्या," ती म्हणाली. "आटपा. पुढे सोफा."

मास्तरांचं पेन थांबलं. हा सोफा त्यांनी लग्नाच्या वर्षी केला होता, दुसऱ्याच्या कारखान्यात दिवसभर राबून, उरलेल्या वेळात. पाठीला घातलेली एकेक गुंडी त्यांनी हाताने ओढून बसवली होती. गिऱ्हाईक घरी आलं की ते मुद्दाम त्याला तिथे बसवत आणि दोनदा खाली-वर व्हायला सांगत. बायकोने त्यांच्या हातातून पेन घेतलं आणि पाचशे लिहिलं. मग त्यांच्याकडे न बघता म्हणाली, "भंगारवाल्याला घरी येऊन न्यायचाय ना. तेवढेच देईल तो."

सगळ्यात शेवटी घेणेकऱ्यांची यादी होती. बँक, फोमचा व्यापारी, कापडवाला, दुकानाच्या गाळ्याचं भाडं. मास्तरांनी खाली रेघ ओढली.

"ताईंचं राहिलं," बायको म्हणाली.

"ते घरचं आहे. ते यात नाही येत."

"अहो, पण घेतलेत ना?"

"घेतलेत, आणि फेडणार आहे. म्हणून तर घालत नाही."

बायकोला त्यांचं म्हणणं पटलं नव्हतं, पण कळलं होतं. यादीत ज्याचं नाव, त्याचं देणं कोर्ट माफ करणार आणि पुढे त्याला कधी मागता येणार नाही. बँकेचं नाव घालताना मास्तरांना काही वाटलं नव्हतं. पण सख्ख्या बहिणीचं नाव त्या रांगेत घालायचं म्हणजे तिला तोंडावर सांगायचं, की बाई, तुझेही बुडवले. शिवाय ते पैसे ताईने चोरून दिले होते. ती घरी पाळणाघर चालवायची. त्यातले साठवलेले पैसे तिने दुधाच्या पावडरीच्या डब्यातून काढून दिले होते आणि म्हणाली होती, "ह्यांना कळू देऊ नकोस." भाऊजी वाईट नव्हते. पण हिशेबात पक्के होते आणि मेव्हण्याला व्यवहार कळत नाही, असं त्यांचं फार जुनं मत होतं. ते मत खरं ठरल्याचं मास्तरांना त्यांना कळू द्यायचं नव्हतं.

खिडकीतल्या बाईंनी नवी यादी वाचून मान डोलावली. सोफ्यापाशी त्या काही बोलल्या नाहीत. मग शेवटच्या पानावर आल्या.

"नातेवाइकांपैकी कोणाचं देणं?"

"नाही."

हे 'नाही' फार चटकन आलं. बाईंनी वर बघितलं, पाटीकडे बोट दाखवलं आणि कागदाच्या तळाशी छापलेलं सावकाश वाचायला लागल्या. "मी शपथेवर सांगतो की माझ्यावरील सर्व देणी, ती कोणाचीही असोत आणि कितीही जुनी असोत, वर नमूद केली आहेत आणि कोणतेही देणे लपवलेले नाही."

"सख्ख्या बहिणीचं असलं तरी?" मास्तरांच्या तोंडून निघून गेलं.

"कोणाचीही असोत, असंच लिहिलंय." बाईंचा आवाज जरा खाली आला. "प्रत्येकाला त्याच्या घरच्या पत्त्यावर नोटीस जाते."

"माझ्या पत्त्यावर पाठवली तर? मी नेऊन देतो ना."

बाईंनी नुसती नकारार्थी मान हलवली.

मास्तर भिंतीशी ठेवलेल्या बाकावर जाऊन बसले. बाकाचं रेक्झिन फाटलं होतं. फाटलेला भाग त्यांनी सवयीने बोटाने आत दाबला आणि मांडीवर कागद घेतला. ताईचं पूर्ण नाव त्यांनी जन्मात कधी लिहिलं नव्हतं. लिहायची वेळच आली नव्हती. आता लिहायला घेतलं तर मधे भाऊजींचं नाव आलंच. ते लिहिताना त्यांना वाटलं, आपण भाऊजींनाच हाताला धरून या कचेरीत आणून उभं केलंय. त्यांनी रक्कम लिहिली. आणि मग 'कितीही जुनी असोत' हे शब्द काही डोक्यातून जाईनात. एकदा खोटं बोलून झालं होतं, आता काही म्हणता काही लपवायचं नव्हतं. त्यांनी त्याखाली आणखी एक ओळ लिहिली. शिलाई मशीन, बहिणीकडून. किंमत मात्र आठवून, तेव्हाची लिहिली.

नोटीस जायच्या आत ताईला सांगायला हवं होतं. ते दुपारी गेले. पाळणाघरातली मुलं झोपली होती, त्यामुळे सगळं बोलणं कुजबुजत करावं लागलं.

"थांब," ताई त्यांचा चेहरा बघूनच म्हणाली आणि स्वयंपाकघराकडे वळली. "फार नाहीयेत या वेळेला, पण थोडे आहेत."

तिने फळीवरच्या डब्याला हात घातलेला बघून मास्तरांना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

"ताई, पैसे नकोत. ठेव तो डबा."

त्यांनी सांगितलं. जमेल तसं, उलटसुलट सांगितलं. ती डबा हातात घेऊन ऐकत होती.

"म्हणजे माझं नाव कोर्टात?"

"हो."

"आणि पैसे गेले."

"कायद्याने गेले. पण मी काही झालं तरी..."

"कायद्याचं सांगू नकोस मला, बाबू." डबा तिने फळीवर ठेवला, आवाज होऊ न देता. "अडचण आहे ते मला ठाऊक होतं. म्हणून तर दिले. पण मला विचारायचं तरी होतंस. खिडकीतल्या बाईला आधी कळलं, मग मला."

मशीनच्या ओळीबद्दल बोलायचं राहूनच गेलं. पलीकडे एक पोर जागं होऊन रडायला लागलं आणि ताई त्याच्याकडे गेली. जाता जाता म्हणाली, "ह्यांना मीच सांगते. पोस्टमनने सांगण्यापेक्षा बरं. तू नीघ आता, येतीलच ते."

मास्तर गल्लीच्या तोंडाशी आले तेव्हा समोरून भाऊजी येताना दिसले. मास्तर औषधाच्या दुकानात शिरले. काहीतरी मागायला हवं म्हणून डोकेदुखीची गोळी मागितली आणि पैसे देताना दुकानदाराच्याही नजरेला नजर देता आली नाही.

त्यानंतर ताईचा फोन आला नाही. मास्तरांनीही केला नाही.

घेणेकऱ्यांची बैठक म्हणून ज्याला म्हणत होते ती एका लहानशा खोलीत होती. टेबलामागे अधिकारी, समोर अर्जदाराची खुर्ची, आणि बाजूला घेणेकऱ्यांसाठी खुर्च्यांची ओळ. ज्यांचे पैसे अडकलेत त्यांनी यावं आणि अर्जदाराला काय हवं ते विचारावं. मास्तर या बैठकीच्या धसक्याने जेवले नव्हते. फोमचा व्यापारी चारचौघांत काय बोलेल, हे त्यांनी मनात घोळवून घोळवून पाठ केलं होतं.

अधिकाऱ्याने बँकेचं नाव पुकारलं. कोणी नव्हतं. व्यापारी, कापडवाला, गाळ्याचा मालक, कोणी आलं नव्हतं. अर्जदाराकडून काही निघणार नाही हे त्यांना कागद बघूनच कळलं होतं. आपल्याला चार शिव्या घालायलाही कोणाला यावंसं वाटलं नाही, याचं मास्तरांना वाईट वाटलं आणि वाईट वाटल्याचीच लाज वाटली.

तेवढ्यात दार ढकलून ताई आत आली. मागे भाऊजी. त्यांच्या हातात प्लॅस्टिकच्या कव्हरात घातलेली नोटीस होती. मास्तरांच्या सोबत आलेली बायको उठून उभी राहिली. मास्तरांना उठता आलं नाही.

"तुम्ही घेणेकरी?" अधिकाऱ्याने भाऊजींना विचारलं.

"मी नाही. ह्या," भाऊजी म्हणाले. "मी सोबत आलोय."

ताई त्या ओळीतल्या पहिल्याच खुर्चीवर बसली. भावाकडे तिने बघितलं नाही.

"अर्जदाराला काही विचारायचंय?"

"त्याला नाही, तुम्हाला विचारायचंय. याची मशीन घेऊन जाणार का?"

"नाही. पोटापाण्याची हत्यारं सोडतो आम्ही."

"बरं."

अधिकारी पान उलटणार तोच भाऊजी खाकरले. "एक चूक आहे. ही सांगते ती रक्कम आणि नोटिशीतली रक्कम जुळत नाही. नोटिशीत जास्त आहे. मी दोनदा ताडून बघितलं."

अधिकाऱ्याने अर्ज काढला आणि वाचला. "दोन नोंदी आहेत. एक रोख. दुसरी शिलाई मशीन."

ताईने पहिल्यांदाच भावाकडे बघितलं.

"ती मशीन उसनी नव्हती," ती म्हणाली.

"ताई, तिथे सगळं लिहा म्हणाले होते. कितीही जुनं."

"अरे, पण उसनी नव्हती ती." तिचा आवाज चढला नव्हता, फुटला होता. "लग्नाआधी मशीनच्या कारखान्यात पॅकिंगला जात होते मी, त्या पगारातून घेतली. कारखान्याच्या दारातून घरापर्यंत तू डोक्यावर आणलीस, मला हात लावू दिला नाहीस. ती मी दिली होती तुला. आणि तू इतकी वर्षं ते देणं समजून बसलास?"

मास्तरांनी मान खाली घातली. दिवाळं काढताना वाटली नव्हती एवढी लाज त्यांना आत्ता वाटली.

ताई अधिकाऱ्याकडे वळली. "रोख दिले ते गेले, त्याचं काय करायचं ते करा. मशीनचं खोडा. ते माफ करणारे तुम्ही कोण?"

अधिकाऱ्याने भाऊजींकडे बघितलं. "तुमचं काय म्हणणं?"

"माझं कशाला? मशीन तिची," भाऊजी म्हणाले. "लग्न ठरवतानाच तिने मला सांगितलं होतं. म्हणाली, साठवलेलं काही नाही माझ्याकडे, भावाला मशीन घेऊन दिली."

अधिकाऱ्याने कागद मास्तरांपुढे सरकवला. "अर्जदारानेच खोडायचं. एक रेघ मारा आणि शेजारी सही करा."

मास्तरांनी खिसे चाचपले. पेन घरीच राहिलं होतं. भाऊजींनी आपलं पेन काढलं, टोपण उघडलं आणि पुढे धरलं. मास्तरांनी ते घेतलं. कापडावर खडूने मारतात तशी सरळ, एकाच दमात रेघ मारली आणि शेजारी सही केली. रेघ बारीक होती. तिच्याखालचे शब्द अजून वाचता येत होते.