‘माय सिरियस हाय’ हा निरोप

मित्रांनो, मला हात नाहीत, पाय नाहीत, कोणी मला कपाटात जपूनही ठेवत नाही. मी एक शब्द आहे. माझं नाव सिरियस. जन्म इंग्रजीतला, पण इतकी वर्षं मराठी माणसांच्या तोंडात काढली, की आता मला परका म्हणाल तर भांडण होईल. नागपुरात मी आधी डॉक्टरांच्या तोंडी होतो, नर्सबाईंनी मला वॉर्डात नेलं आणि नातेवाईक घरी घेऊन आले.

माझ्या अर्थाचे शब्द इथे आधीपासून होतेच. गंभीर हा मोठा भारदस्त, तो पेपरात राहतो. अत्यवस्थ त्याहून सोवळा, पुढारी आजारी पडल्याशिवाय घराबाहेर निघत नाही. खेड्यातली माणसं ‘बुवाले जास्त हाय’ एवढ्यावरच भागवायची. क्रिटिकल नावाचा एक पोरगा अलीकडे आलाय, तो आयसीयूच्या काचेआड मिरवतो. पण रोजच्या राबण्याला मीच. धरमपेठेत कॉलेजच्या मुली आइस्क्रीम खाता खाता ‘सिरियसली?’ म्हणतात. मास्तर म्हणतात, ‘पोरगा अभ्यासात सिरियस नाही.’ मस्करी अंगाशी आली की मित्र म्हणतो, ‘सिरियस काहून घेऊन राहिला बे?’ ही सगळी कामं मी हसत केली.

एका कामाचा मात्र मला मनापासून राग आहे. माणूस मेला की फोनवर मला पुढे करतात. ‘गेला’ म्हणायचं नाही, ‘सिरियस आहे, लवकर ये’ म्हणायचं. हेतू वाईट नसतो, मान्य आहे. ऐकणारा गाडीवर असेल, रस्त्यात गडबडेल, कोणी बसमध्ये एकटीच रडत येईल, म्हणून ही माया. पण मायेपोटी बोललं तरी खोटं ते खोटंच, आणि त्या खोट्याचा धनी मी.

जरीपटक्यातल्या रुपरावची गोष्ट सांगतो. त्याची मोठी बहीण प्रेमिला, घरच्यांची पमी, हिंगणघाटला दिलेली. त्यांचे वडील दादाजी वारले, तेव्हा रुपरावनं तिला फोन केला, ‘बाई, बाबा सिरियस हाय. डोये उघडून तुहीच वाट पाहून राहिला. ये लवकर.’ बिचारी बाबाला चालेल म्हणून मुगाची पातळ खिचडी डब्यात भरून धावत आली. दारात पोचली, तर अंगणात तिरडी बांधणं सुरू होतं. डबा तिनं तसाच दाराशी ठेवला. माझ्यावरचा तिचा विश्वास तिथेच उडाला.

पुढे काही वर्षं गेली. यंदा उन्हाळ्यात त्यांची माय जिजाबाई दवाखान्यात भरती झाली. फुप्फुसात पाणी झालं होतं. एका सकाळी डॉक्टरांनी रुपरावला बाजूला घेतलं. ‘आजी सिरियस आहेत. कोणाला बोलवायचं असेल तर बोलवून घ्या.’ आत फोन न्यायला मनाई, म्हणून रुपरावनं बाहेर येऊन बहिणीला फोन लावला.

‘बाई, माय सिरियस हाय. पमी आली काय म्हणून तुलेच विचारून राहिली. आत्ताच्या आत्ता निघ.’

‘खरं सांग, गा.’

‘खरंच सांगून राहिलो, बाई! बोलून राहिली ते!’

मित्रांनो, इतका खरा मी क्वचितच असतो. आणि तिकडे प्रेमिलानं फोन ठेवला आणि गळा काढला. शेजारणी जमल्या.

‘काय झालं वं?’

‘माही माय गेली.’

‘कोणं सांगतलं?’

‘भाऊ म्हणते, सिरियस हाय.’

झालं! तेवढ्यावर सगळ्यांनी माना हलवल्या. ‘बाई, म्हातारी खरंच जिवंत असली तर?’ असं एकीच्याही तोंडून निघालं नाही.

गेलेल्या माणसाकडे जायचं म्हणजे घाई कशाची? मायच्या अंगावर लेकीचं लुगडं पडलं पाहिजे, ही त्यांच्याकडची रीत. प्रेमिला कापडाचं दुकान उघडेपर्यंत थांबली. मायला आवडायचं तसं जांभळं लुगडं तिनं रडत रडत निवडलं. मग काकू-मावश्या गोळा केल्या, गाडी ठरवली. इकडे जिजाबाई तोंडावरचा मास्क सारून विचारत होती, ‘पमी आली काय?’

‘येऊन राहिली, माय,’ रुपराव म्हणायचा.

नंतर तिला विचारायचंही बळ उरलं नाही. ती नुसती दाराकडे पाहत होती. दुपारी गेली.

प्रेमिला दवाखान्यात आली ती लुगडं छातीशी धरून. तिला पाहताच रुपराव अंगावर धावून गेला.

‘कुठी होती वं तू? आत्ताच गेली ते! सकाळपासून तुह्या वाटेकडे डोये लावून होती! सांगतलं होतं ना मी, सिरियस हाय म्हणून?’

प्रेमिलाला आधी काही समजलंच नाही. समजलं तेव्हा भिंतीला धरून ती खाली बसली.

‘बाबाच्या वक्ताले बी असंच सांगतलं होतं तू,’ ती म्हणाली. ‘मले काय मालूम, या खेपेले खरं बोलून राहिला म्हणून.’

रुपराव तिच्याजवळ बसला आणि लहान पोरासारखा रडला.

धाकटा भाऊ अश्विन मिहानमधल्या कंपनीत कामावर होता. सकाळच्या धावपळीत त्याला कळवायचं राहिलं होतं. रुपरावनं डोळे पुसून फोन लावला आणि सवयीनं म्हणाला, ‘अश्विन, माय सिरियस...’

प्रेमिलानं त्याच्या हातातून फोन ओढून घेतला.

‘अश्विन, गाडीवर हायेस काय? नाही ना? मग बस कुठी तरी आधी. जवळ कोणी हाय? हाय ना? माय गेली, बापू. आता दुपारी गेली. तू आल्याबिगर काही करत नाही आम्ही. एकटा गाडी चालवू नको, जवळ हाय त्या पोराले संग घेऊन ये.’

पलीकडून हंबरडा ऐकू आला. प्रेमिलानं फोन कानापासून काढला नाही, तो शांत होईपर्यंत ती ऐकत बसली.

मित्रांनो, इतकंच करा. माणूस गेला असेल तर गेला म्हणा. ऐकणाऱ्याला आधी बसवा, जवळ कोणी आहे का विचारा, पण सांगा. मला जिवंत माणसांसाठी राहू द्या. नाहीतर अजून एखादी म्हातारी दाराकडे पाहत राहील, आणि तिची लेक दुकानात तिच्या मयताचं लुगडं निवडत बसेल.