दसऱ्याला उडालेला टवका

मी एक जुना हॉर्न आहे. मित्रांनो, कानांवर हात ठेवू नका, मी रस्त्यावर बोंबलणारा भोंगा नव्हे. पाकिटं बंद करणाऱ्या यंत्राचा मी धातूचा जबडा. डोंबिवलीच्या एमआयडीसीत, प्रीतमशेठच्या चिवड्याच्या कारखान्यात सहा वर्षं राबलो. आता हत्यारांच्या कपाटात गंजक्या पान्यांशेजारी पडून आहे. त्यांच्याशी मी बोलत नाही.

मी तापत नसे. सेकंदाला वीस हजार वेळा थरथरायचो आणि त्या थरथरीने पाकिटाचे दोन पदर आतून वितळून एकजीव व्हायचे. मिनिटाला शंभर पाकिटं! शेठ मात्र पाहुण्यांना सांगायचा, "आत छोटी इस्त्री आहे." असल्या अडाण्याच्या हाताखाली दिवस काढले मी.

मला ओळखलं ते फक्त दर्शनाने. कळव्याहून येणारी ही ऑपरेटर रोज मऊ फडक्याने मला पुसायची, कडेवरून बोट फिरवून बघायची. दिवाळीनंतर तिला कायम करायचं ठरलं होतं.

मग दसरा आला. यंत्राला हार घातला, कुंकू लावलं. इथवर ठीक. पण शेठला नारळही यंत्रावरच फोडायचा होता.

"शेठ, तिथे नको ना. खाली फरशीवर फोडा," दर्शना म्हणाली.

"फरशी नवीन आहे गं! आणि देवाच्या कामात मध्ये बोलू नये."

त्याने नारळ माझ्यावर धरला आणि कोयत्याची उलटी बाजू हाणली. नारळ सटकला, घाव माझ्यावर बसला. कडेचा टवका उडाला. दुसऱ्या फटक्याला नारळ फुटला आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बिनडोक!

आठवड्याभरात टेंभी नाक्याच्या दुकानदाराने पाकिटं परत पाठवली. चिवडा सादळला होता.

"लक्ष कुठे असतं तुझं? मोबाइलमध्ये?" शेठ सगळ्यांसमोर दर्शनावर ओरडला.

तिने दहा पाकिटं ओळीने मांडून दाबली. दहाही एकाच जागी फुसफुसली. त्यातलं एक माझ्या कडेला लावून ती म्हणाली, "कोयता लागलेला ना शेठ, तिथेच बघा."

शेठने बघितलं. त्याला सगळं कळलं, मी त्याच्या नाकासमोरच होतो. पण कामगारांसमोर चूक कबूल कोण करणार?

"पूजेने कधी मशीन बिघडते काय? उद्यापासून येऊ नको."

ती डबा उचलून गेली. शेठने गुपचूप नवा हॉर्न बसवला आणि दर्शनाच्या जागी रुचिताला घेतलं. पाकिटं पुन्हा हवाबंद होऊ लागली. "बघा," शेठ ऐटीत सांगत सुटला, "बाई बदलली आणि मशीन सुधारली."

यंत्राची निगा राखा, असं मी आता सांगायला हवं. नाही सांगत. माझ्यावाचून यंत्राचं काहीच अडलं नाही. पण परवा वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यातून दर्शनाची चौकशी करायला फोन आला. शेठ माझ्याच कपाटाला टेकून बोलत होता. "तिला? नका घेऊ. मशीन बिघडवते."

मित्रांनो, तुम्हालाही कधी कुणी कुणाबद्दल असं सांगेल. मान डोलवण्याआधी ते यंत्र बघायला मागा.