लोकरीच्या गाठी

गाठ असलेली लोकर आमच्या दुकानातून आजवर विकली गेलेली नाही. गेली एकेचाळीस वर्षे प्रत्येक गुंडा मी स्वतः बोटांतून फिरवते आणि गाठ लागली की तो माघारी धाडते. हे आधी सांगते, कारण पुढे जे घडले त्याला दुष्टावा नव्हे, ही शिस्त कारणीभूत आहे.

माझी सूनबाई जीवशास्त्र शिकवते, तीन वर्षे तात्पुरत्या जागेवर. कायमची जागा एकच सुटली होती आणि मुख्याध्यापिका वर्गात बसून तिचा एक तास पाहणार होत्या. विषय होता अर्धसूत्री विभाजन. गुणसूत्रे दाखवण्यासाठी तिने माझ्याकडून लाल आणि पांढरी लोकर नेली, धागे कापले, त्यांना टिचबटणे लावली आणि सगळे एका खोक्यात ठेवले.

सकाळी ती आंघोळीला गेली असता मी खोके उघडले. लाल धाग्याला पांढरे शेपूट, पांढऱ्याला लाल! चार गाठी, त्याही माझ्या दुकानाच्या मालात. मी ते चारही धागे काढून त्यांच्या जागी सबंध धागे लावले, लाल ते लाल, पांढरे ते पांढरे, आणि खोके बंद केले. उपकाराची वाच्यता करण्याची आमच्या घराण्यात रीत नाही.

मुख्याध्यापिका माझ्या जुन्या गिऱ्हाईक. त्यामुळे मागच्या बाकावर त्यांच्या शेजारी बसण्याचा मान मला मिळाला.

"ही वडिलांच्या शरीरातली एक पेशी," सूनबाई म्हणाली. "लाल गुणसूत्रं त्यांना आजोबांकडून आली, पांढरी आजीकडून. आधी प्रत्येकानं आपली हुबेहूब प्रत काढली. मग लांब लाल लांब पांढऱ्याला बिलगलं, आखूड लाल आखूड पांढऱ्याला. आणि इथं त्यांनी आपसात तुकडे बदलले..."

तिने खोके उघडले आणि ती फळ्यासारखी निश्चल झाली.

"आई," ती हळूच म्हणाली, "तुम्ही हात लावलात?"

"गाठी होत्या. काढल्या. आभार घरी मान."

वर्ग खिदळला. मुख्याध्यापिकांची पेन्सिल मात्र थांबली.

"अहो आई, त्या गाठी म्हणजेच आजचा धडा होता!"

तिच्या डोळ्यांत पाणी तरळले. तीन वर्षांची मेहनत माझ्या टापटिपीने बुडत होती, हे मला तेव्हा कळले. चूक माझी असेल तर ती निस्तरायलाही मीच उभी राहते. पिशवीतली कात्री काढून मी सरळ टेबलापाशी गेले.

"बोल. कुठे कापू?"

"कुठेही. फक्त लाल आणि पांढरा एकाच उंचीवर कापा."

"माप?"

"माप नाही. दर वेळी जागा वेगळी."

"म्हणजे अंदाजपंचे! अशा कारभारावर माणसे जन्माला येतात?"

"तुम्हीसुद्धा, आई."

पोरांनी बाके बडवली. मी कापत गेले, शेपटे बदलून गाठी मारत गेले. माझा हात वेगाचा, तिची जीभ त्याहून. पहिल्या विभाजनात जोडीदार वेगळे झाले, दुसऱ्यात प्रती. टेबलावर चार नव्या पेशींच्या चार वाट्या भरल्या. प्रत्येकीत एक लांब आणि एक आखूड धागा. एकही वाटी दुसरीसारखी नव्हती.

"म्हणून भावंडं सारखी नसतात," ती म्हणाली.

"पण प्रत्येक वाटीत गुणसूत्रं निम्मीच का?" मुख्याध्यापिकांनी विचारले.

"निम्मी आईची येणार ना! नाहीतर दर पिढीत दुप्पट होतील."

"दुकानात पाय ठेवायला जागा उरणार नाही," मी म्हणाले. हे मला पटले होते.

तास संपल्यावर मुख्याध्यापिका चष्मा पुसत म्हणाल्या, "घ्यावं तर दोघींना. पण जागा एकच."

"तिला द्या. मला दुकान आहे."

तिलाच मिळाली.

घरी आल्यावर नातीने खोक्यातली गाठींची लोकर पाहिली आणि कमरेवर हात ठेवून, अगदी माझ्यासारखी, म्हणाली, "आजी, दुसऱ्याच्या वस्तूला विचारल्याशिवाय हात लावू नये." ऐट माझी, जीभ तिच्या आईची. ही गाठ कोणी मारली ते मला आता ठाऊक आहे. सोडवण्याच्या फंदात मी पडले नाही.