नदीकाठच्या बटाट्यांची कुदळ

ओळखलंत का मला? पनवेलच्या एका भाड्याच्या खोलीत खाटेखाली पडलेली कुदळ मी. पात्यावर गंज चढलाय, पण आवाज अजून खणखणीत आहे, म्हणून बोलते.

माझा जन्म याच गावातल्या लोहाराच्या भट्टीत झाला. जवळच्या आपटा गावच्या एका शेतकऱ्याने मला नेलं, खैराचा दांडा बसवला आणि जन्मभर वापरलं. तो गेला, तेव्हा घर, भातखाचरं, सगळं मुलाच्या, गोरखच्या नावावर झालं. मला मात्र त्याने जिवंतपणीच लेकीच्या हातात दिलं होतं. "पमीच्या हाताला बसते ही," म्हणायचा.

पमी म्हणजे प्रमिला. उरणला दिली होती. नवरा तापाने गेला आणि लहानग्या लेकीला, मनिषाला, घेऊन ती माहेरी परतली. भावाच्या ताटातला घास तिच्या घशाखाली उतरत नसे. एकदा तिने धीर करून विचारलं, "दादा, नदीकडची पड जमीन कसू का मी?"

गोरख हसला. "दगडं नि काटं हायत तिथं. घे. पिकवशील ते तुजं!"

हे शब्द मी स्वतः ऐकलेत.

मग आम्ही दोघी कामाला लागलो. दगडांवर माझी धार बोथट व्हायची, तिच्या हातांना फोड यायचे. तिच्या डोक्यात बटाटा होता. पनवेलच्या एस.टी. स्टँडजवळ आशालताबाई वडे तळायच्या. प्रमिलाने त्यांना गाठलं.

"इथलाच बटाटा दिला तर घ्याल?"

"माती झटकून आण गं बाई, सगळा घेईन."

गाव हसलं. भात निघाल्यावर तिथे सगळे वाल पेरत. "बटाटा नाय व्हायचा इथं," वहिनी गंगाबाईने बजावलं. प्रमिलाने ऐकून घेतलं, बियाण्याच्या प्रत्येक फोडीवर कोंबाचा डोळा राखून काप केले, राख चोळली आणि लावले. पहिल्या वर्षी बेताचंच पीक आलं, पण आशालताबाईंनी मागून घेतलं. दुसऱ्या वर्षी, ब्याण्णवच्या हिवाळ्यात, तिने अख्खी पट्टी लावली. पौषात पांढरी फुलं आली, तेव्हा हसणारेच बांधावर येऊन उभे राहू लागले.

एका रविवारी मोटार थांबली. मुंबईचे चारुदत्त आणि त्यांची बायको नीता नदी बघायला आले होते. प्रमिलाने त्यांना निखाऱ्यावर भाजलेले बटाटे दिले, मीठ दिलं, वाफे दाखवले.

"चारू, किती छान वाटतंय ना इथे!" नीताताई म्हणाल्या. "आपलं फार्महाऊस अशाच जागी हवं."

"जागा कुणाची, बाई?" चारुदत्तांनी विचारलं.

"माज्या भावाची. पन कसते मी." किती अभिमानाने सांगितलं तिने!

त्यानंतर गोरख फार गोड बोलू लागला. पाला पिवळा पडायला लागला, काढणी तोंडावर आली, तेव्हा म्हणाला, "नेऱ्याला आत्या आजारी हाय, पमे. भेटून ये. शेताकडं मी बगतो."

प्रमिलाने मला आपल्या हातांनी त्याच्या हाती दिलं. "उघड्या बटाट्यांवर तेवढी माती ओढ, दादा. ऊन लागलं की हिरवं पडतात."

ती वळणाआड गेली. गोरखने मला उचललं आणि वाफ्याच्या मधोमध घाव घातला. माती नव्हता ओढत तो. कुंपणाच्या खांबांसाठी खड्डे खणत होता. दर घावाला बटाटे फुटत होते, त्यांचा ओला गर माझ्या पात्याला चिकटत होता. बोंब मारायला कुदळीला तोंड कुठे असतं? मग रोलर आला नि उरलेले वाफे दाबून गेला.

आत्या धडधाकट होती. प्रमिला दुसऱ्याच दिवशी परत आली, तर समोर काटेरी तार.

तारेपाशी गोरख आणि त्याच्याकडून ती जमीन विकत घेणारे चारुदत्त उभे होते. तिला पाहून चारुदत्त गोंधळले. "तुमचे भाऊ तर म्हणाले, पीक निघालंय!"

प्रमिलाने त्यांच्याकडे पाहिलंही नाही. "दादा, पिकवशील ते तुजं, म्हनला होतास."

"पिकवायला दिली होती, पमे. ठेवायला नाय दिली. जमीन माज्या नावची हाय."

"काढनी होईस्तवर तरी थांबायचं."

"गिऱ्हाईक थांबतंय व्हय?"

तिने त्याच्या हातातून मला हिसकावून घेतलं. तारेखालून आत शिरून एक वाफा खणला. निघाला तो चेंदा. मनिषाचा हात धरून ती त्याच पावली पनवेलला आली.

आता ती आशालताबाईंकडे बटाटे सोलते, बाहेरगावाहून आलेले. मागच्या भाऊबीजेला गोरख साडी घेऊन आला होता. प्रमिलाने पाणी दिलं, पाट मांडला नाही. साडी तो तशीच परत घेऊन गेला. त्या रात्री तिने मला बाहेर काढलं, पात्यावर तेलाचं बोट फिरवलं आणि पुन्हा आत सरकवलं.

मला मातीची आठवण येते, पण तुमच्याकडे जमीन मागत नाही मी. एवढंच सांगते: बहिणीला नाही म्हणायचं असेल, तर पेरणीआधी म्हणा.